संकरित नॅनोकण आणि कॅन्सर : औषध खरंच गाठीपर्यंत पोहोचतं का?

आर्जवी

नमस्कार. माझ्या मावशीला दोन वर्षांपूर्वी अंडाशयाचा कॅन्सर झाला होता. ऑपरेशन आणि केमो झाल्यावर वर्षभर बरं गेलं. आता स्कॅनमध्ये पुन्हा गाठी दिसल्या आहेत. डॉक्टरांनी या वेळी लिपोसोममधलं डॉक्सोरुबिसिन हे केमोचं औषध सुचवलंय. दर चार आठवड्यांनी एकदा, शिरेतून.

त्याच आठवड्यात घरच्या ग्रुपवर एक लेख फिरत आला. विषय 'संकरित नॅनोकण'. मधोमध लोहाच्या ऑक्साइडचा गाभा, त्यावर सोन्याचा थर, त्यावर सच्छिद्र सिलिका, तिच्या छिद्रांत औषध आणि सगळ्यात बाहेर गाठ ओळखणारं प्रतिपिंड. हा कण चुंबकाने ओढता येतो, लेसरने तापवता येतो आणि एमआरआयमध्ये दिसतोसुद्धा. उंदरांच्या गाठी पूर्ण विरघळल्या म्हणे. तेव्हापासून मावसभाऊ म्हणतोय, असं काही निघालं असताना जुनं औषध कशाला घ्यायचं, थोडं थांबू.

मावशी स्वतः काहीच बोलत नाही. पण तिने त्या लेखाची प्रिंट मागून घेतली आणि घडी करून चष्म्याच्या घरात ठेवली आहे.

तर, लिपोसोम हेही नॅनोच ना? मग लेखातल्या कणांत आणि त्यात फरक काय? ते कण आज माणसांना देतात का? आणि थांबण्यात काही अर्थ आहे का? जाणकारांनी कृपया लिहा. पुढच्या गुरुवारी डॉक्टरांना निर्णय कळवायचा आहे.

प्रश्नचिन्ह

वाचतोय. एम.एस्सी.ला याच विषयावर सेमिनार दिला होता, पण रुग्णाच्या बाजूने कधी विचार केला नव्हता.

कणाद

आर्जवी, मी औषधं कणांत भरण्याचंच काम करतो, म्हणून आधी थेट लिहितो. लेखातल्या कणासाठी थांबू नका. उपचाराचा निर्णय अर्थात डॉक्टरांशी बोलूनच घ्या, पण 'ते निघालंय' हा समज मनातून काढून टाका. ते प्रयोगशाळेत निघालंय.

आणि हो, लिपोसोम हा नॅनोकणच आहे. मेदाच्या दुपदरी पडद्याची पोकळ गोळी. मावशींच्या औषधातल्या गोळीचा व्यास ८० ते १०० नॅनोमीटर असतो. माणसाचा केस साधारण ८० हजार ते एक लाख नॅनोमीटर जाड असतो, यावरून अंदाज घ्या. मेदाचे रेणू पाण्यात आपोआप अशा गोळ्या बांधतात, हे अ‍ॅलेक बँगहॅम यांनी १९६०च्या दशकात दाखवलं. त्यात औषध भरून माणसाला देण्याची परवानगी अमेरिकेत १९९५ साली मिळाली. मधली तीस वर्षं गोळीत औषध टिकवायचं कसं, याच प्रश्नात गेली.

उत्तर फार देखणं आहे. गोळीच्या आत अमोनियम सल्फेट भरून ठेवायचं. बाहेरून डॉक्सोरुबिसिन पडदा ओलांडून आत शिरतं, सल्फेटशी जुळतं आणि तिथेच त्याचा स्फटिक होतो. मग त्याला बाहेर पडता येत नाही. एका गोळीत औषधाचे दहा हजारांहून जास्त रेणू असे कोंडले जातात. वरून पीईजी नावाच्या पॉलिमरचे केसासारखे धागे लावतात, त्यामुळे शरीरातल्या भक्षक पेशींना ती गोळी चटकन ओळखू येत नाही. साधं डॉक्सोरुबिसिन रक्तातून काही मिनिटांत इकडेतिकडे पसरतं. हे मात्र दोन दिवसांनंतरही रक्तात फिरत असतं.

केमोत सुक्याबरोबर ओलंही जळतं, हे तुम्ही पाहिलंच असेल. डॉक्सोरुबिसिनच्या बाबतीत ते 'ओलं' म्हणजे हृदयाचा स्नायू. लिपोसोममुळे हृदयाला होणारी इजा बरीच कमी होते, आणि या औषधाचा सगळ्यात पक्का फायदा तोच आहे.

संकरित कणांबद्दल नंतर सविस्तर लिहितो.

अनुस्वार

जरा अवांतर. 'संकरित' हा शब्द मला खटकतो. संकर म्हणजे दोन जातींपासून झालेली तिसरी संतती. इथे तर दोन पदार्थ एकमेकांना जोडलेत आणि दोघेही आपापले गुण शाबूत ठेवून आहेत. संमिश्र म्हणा, संयुक्त म्हणा.

कणाद

अनुस्वार, मला तर हे जोडाक्षरासारखं वाटतं. 'म्ह' म्हणताना म आणि ह दोन्ही ऐकू येतात, पण उच्चार एकच. मेद-पॉलिमर कण अगदी तसा असतो. आत पीएलजीए, म्हणजे आपोआप विरघळणारे टाके ज्यापासून करतात तो पॉलिमर. तो औषध घट्ट धरतो आणि सावकाश सोडतो. बाहेर मेदाचा पदर, जो पेशींना ओळखीचा वाटतो. नुसता लिपोसोम मऊ असतो, गळू शकतो. नुसता पॉलिमर टणक, पण रक्तात परका. दोघांना जोडलं की एकाची उणीव दुसरा भरून काढतो. २००८च्या सुमारास हे कण एकाच टप्प्यात बनवायच्या पद्धती आल्या. २०११ साली त्याच वाटेने आणखी पुढे जाऊन पॉलिमरच्या कणावर चक्क तांबड्या रक्तपेशीचा पडदा चढवला गेला. शरीराने त्याला आपलाच समजावं, ही कल्पना.

सिलिकाचंही तसंच. सच्छिद्र सिलिकेची छिद्रं दोन-तीन नॅनोमीटरची, मधाच्या पोळ्यासारखी ओळीत. औषध भरपूर मावतं, पण तोंडं उघडी. म्हणून वर मेदाचा पडदा ओढायचा आणि तोंडं बंद करायची. इथपर्यंतचा संकर मला पटतो, कारण प्रत्येक पदराला काहीतरी नेमकं काम आहे. पाच-पाच पदर चढायला लागले की मला नाकापेक्षा मोती जड वाटायला लागतो.

अनुस्वार

जोडाक्षर! मान्य. माझी हरकत मागे घेतो.

जुना_वाचक

मी पंचवीस वर्षं 'नॅनोमुळे कॅन्सर हद्दपार' वाचतोय. उंदीर दर वर्षी बरे होतात. माणसांपर्यंत काय आलं? उष्णतेने फुटणारा तो लिपोसोम घ्या. ३९.५ अंशांच्या वर गेला की औषध सोडायचा. कल्पना उत्तम, पण यकृताच्या कॅन्सरवरची मोठी चाचणी २०१३ साली फसली. प्रोस्टेटच्या पेशींना चिकटणारे कण बनवणारी कंपनी २०१६ साली दिवाळखोरीत गेली. लोकांच्या आशेवर हे सगळं चालतं, याचा मला मनापासून राग येतो. माझ्या घरात दोन माणसं या रोगाने गेली आहेत.

मध्यममार्गी

जुना_वाचक यांचा राग समजतो. त्याला आकड्याची जोड देतो. २०१६ साली टोरांटोच्या एका गटाने आधीच्या दहा वर्षांतले प्राण्यांवरचे प्रयोग एकत्र करून पाहिले. टोचलेल्या नॅनोकणांपैकी किती गाठीत पोहोचतात? मध्यक, म्हणजे ओळीने लावल्यावर मधोमध येणारा आकडा, निघाला ०.७ टक्के. हजारात सात. उरलेले मुख्यतः यकृत आणि प्लीहेत अडकतात.

आर्जवी, तुमच्या भावाला हा एक आकडा जरूर सांगा. लेखात 'लक्ष्यवेधी' शब्द असला की वाचणाऱ्याच्या डोळ्यांसमोर बाण येतो. इथे बाण नाही. गर्दीत सोडलेल्या हजार माणसांपैकी सात जण बरोबर घरी पोहोचतात.

कणाद

आकडा बरोबर आहे, पण त्याची दुसरी बाजूही पाहा. कणाशिवाय टोचलेलं साधं औषध तरी गाठीत कितीसं जातं? तेही सगळ्या शरीरात वाटलं जातं, आणि तरी त्यावर गेली कित्येक दशकं माणसं बरी होत आली आहेत. म्हणून नुसतं '०.७' म्हणून भागत नाही. कशाच्या तुलनेत आणि उरलेलं ९९.३ कुठे गेलं, हे दोन प्रश्न लगेच विचारायला हवेत. लिपोसोमने गाठीतलं औषध वाढवलं त्याहून हृदयातलं कमी केलं, ही गोष्ट रुग्णासाठी जास्त मोलाची ठरली.

मध्यममार्गी

हे मान्य. तुलना सोडून आकडा टाकायला नको होता.

प्रश्नचिन्ह

पण गाठीच्या रक्तवाहिन्यांना भोकं असतात आणि कण त्यातून झिरपतात, असं आम्हाला शिकवलंय. सेमिनारमध्ये पहिलीच स्लाइड तीच होती.

कणाद

प्रश्नचिन्ह, ती स्लाइड १९८६ची आहे. मात्सुमुरा आणि माएदा यांनी दाखवलं की गाठीच्या घाईघाईत वाढलेल्या वाहिन्या गळक्या असतात आणि तिथे निचराही नीट नसतो, म्हणून मोठे रेणू आत जातात आणि तिथेच साठतात. संपूर्ण क्षेत्र या एका कल्पनेवर उभं राहिलं. २०२० साली टोरांटोच्याच गटाने उंदरांच्या गाठी बारकाईने तपासल्या तेव्हा भोकं फारच थोडी सापडली. आत गेलेल्या कणांपैकी ९७ टक्क्यांपर्यंत कण वाहिनीच्या अस्तरातल्या पेशींनी स्वतः उचलून पलीकडे नेलेले होते.

म्हणजे आम्ही कण किती बारीक करायचा यावर वर्षानुवर्षं डोकं घातलं, आणि दार उघडणारी होती पेशी. मला हे वाचून वाईट वाटलं नाही. उलट पहिल्यांदा कळलं की प्रश्न कुठे विचारायचा.

उंदराबद्दलही एक गोष्ट. वीस ग्रॅमच्या उंदराच्या कातडीखाली एक ग्रॅमची गाठ, म्हणजे त्याच्या वजनाचा विसावा भाग. साठ किलोच्या माणसात त्या हिशोबाने तीन किलोची गाठ होईल. शिवाय ती दोन-तीन आठवड्यांत वाढवलेली, वाहिन्या कच्च्या. माणसाची गाठ वर्षानुवर्षं हळूहळू घट्ट होत गेलेली असते. 'उंदराची गाठ गेली' या वाक्यात खोटं काही नाही, पण उंदीर आणि मावशी यांच्यात एवढं अंतर आहे.

शुश्रूषा

मी केमो वॉर्डात परिचारिका आहे. तुमची चर्चा वाचताना वाटलं, त्या पिशवीबद्दलही कुणीतरी लिहावं.

साधं डॉक्सोरुबिसिन लालभडक आणि आरपार दिसतं. लिपोसोमचं धरलं की ते लालच, पण किंचित दुधाळ, उजेडासमोर धरल्यावर धुरकट. ते धुरकट दिसणं म्हणजेच तुमचे ते कण. आम्ही ते नेहमीच्या मिठाच्या सलाइनमध्ये मिसळत नाही, पाच टक्के डेक्स्ट्रोजमध्येच मिसळतो. नळीला फिल्टर लावत नाही. दोन्ही डॉक्सोरुबिसिन एकमेकांच्या जागी चालत नाहीत, म्हणून लेबल दोघींनी मोठ्याने वाचल्याशिवाय पिशवी लावायची नाही, हा आमचा शिरस्ता.

पहिल्या वेळी अगदी हळू सुरू करतात, मिनिटाला एक मिलिग्रॅम. काहींना सुरुवातीच्या काही मिनिटांत चेहरा लाल होतो, कंबर धरते, छातीवर दडपण येतं. घाबरायचं नाही आणि लपवायचंही नाही, लगेच हाक मारायची. थांबवून किंवा वेग कमी करून बहुतेकांचं निवळतं.

मावशींना सांगा, अंगठी, बांगड्या घट्ट होत असतील तर आधीच काढून ठेवा. हातापायांची कातडी सांभाळावी लागते.

पाऊलखुणा

शुश्रूषाताईंनी हात-पाय म्हटलं म्हणून लिहिते. मी हे औषध सहा वेळा घेतलंय. केस फारसे गेले नाहीत, उलट्या आधीच्या केमोपेक्षा खूपच कमी. पण तिसऱ्या डोसनंतर दहाव्या दिवशी तळपाय लाल झाले. आधी नुसती हुळहुळ, मग जिना उतरताना प्रत्येक पायरी तापलेल्या तव्यासारखी. चपलेचा पट्टा जिथे घासतो बरोबर तिथे पट्ट्याच्याच आकाराचा लाल डाग उमटला होता.

मी आठ दिवस कुणाला सांगितलं नाही. वाटलं, सांगितलं तर औषध बंद करतील. सांगितल्यावर डॉक्टरांनी पुढचा डोस फक्त दोन आठवडे पुढे ढकलला आणि थोडा कमी केला. पाय बरे झाले, औषध चालू राहिलं. म्हणून पहिल्याच दिवशी सांगा. गरम पाण्याने अंघोळ नको, कडक चप्पल नको, जोरात चोळणं नको, आणि डोसनंतरचे काही दिवस फार चालणंही नको.

कणाद

पाऊलखुणा, तुमचा तो पट्ट्याच्या आकाराचा डाग माझ्या डोळ्यांसमोरून जात नाही. कण दीर्घकाळ रक्तात फिरतो हा त्याचा गुण आम्ही अभिमानाने सांगतो, आणि त्याच गुणामुळे जिथे दाब पडतो, घर्षण होतं, घाम येतो, तिथल्या बारीक वाहिन्यांमधून तो कातडीत उतरतो. हृदय वाचलं, तळपाय भाजले. आमच्या प्रयोगशाळेत 'जास्त वेळ रक्तात' हा नेहमी यशाचा रकाना असतो. तुमचा प्रतिसाद मी तिथल्या मुलांना वाचून दाखवणार आहे, तुमची हरकत नसेल तर.

पाऊलखुणा

हरकत कसली, जरूर दाखवा.

किरणोत्सारी

मी रेडिएशनच्या बाजूचा. संकरित आणि अजैविक कणांपैकी माणसांपर्यंत काय पोहोचलंय, याची उत्तरं आमच्याकडे थोडी आहेत, आणि जुना_वाचक यांच्यासाठीच लिहितोय.

हाफ्नियम ऑक्साइडचे सुमारे ५० नॅनोमीटरचे कण थेट गाठीत टोचतात आणि मग नेहमीचं रेडिएशन देतात. जड धातू क्ष-किरण जास्त शोषतो, त्यामुळे तेवढ्याच किरणांत गाठीच्या आत जास्त ऊर्जा सुटते, आजूबाजूला नाही. सार्कोमावर, म्हणजे स्नायू, चरबी अशा मऊ ऊतींच्या कॅन्सरवर, २०१९ साली चाचणीचे निकाल आले. ऑपरेशनमध्ये काढलेल्या गाठीत जिवंत कॅन्सर जवळजवळ उरलाच नव्हता, अशांचं प्रमाण कण दिलेल्यांत १६ टक्के आणि नुसत्या रेडिएशनमध्ये ८ टक्के. त्याच वर्षी युरोपात त्याला मान्यता मिळाली.

दुसरं, सिलिकेच्या गोळीवर सोन्याचं पातळ कवच. कवचाची जाडी बदलली की तो कोणता प्रकाश शोषेल ते बदलतं, म्हणून ऊतींमधून आत शिरणाऱ्या अवरक्त प्रकाशाला नेमकं जुळवता येतं. हे कण शिरेतून देतात, दुसऱ्या दिवशी प्रोस्टेटमध्ये सुईतून लेसर घालून तेवढाच भाग तापवतात. २०१९ साली १६ रुग्णांवरचा अहवाल आला, त्यातल्या १५ जणांत उपचार ठरल्याप्रमाणे पार पाडता आला. लहान चाचणी, पण माणसांवरची.

तिसरं, ग्लिओब्लास्टोमा या मेंदूच्या कॅन्सरमध्ये लोह-ऑक्साइडचे कण टोचून बदलत्या चुंबकीय क्षेत्रात तापवणं. युरोपात मान्यता होती. त्यात दातांतली धातूची भरणंसुद्धा आधी काढावी लागत, कारण तीही तापली असती.

या तिन्हींत एक गोष्ट सारखी आहे. कण शरीरभर फिरून स्वतः गाठ हुडकेल, यावर कुणी भिस्त ठेवलेली नाही. एकतर हाताने गाठीत नेऊन ठेवलाय, नाहीतर काम सुरू करणारा प्रकाश फक्त तिथेच सोडलाय. आर्जवी, तुमच्या मावशींच्या पोटात गाठी अनेक ठिकाणी असतील तर या युक्त्या तिथे लागू पडत नाहीत. कठोर वाटेल, पण भावाला हे सांगायला हवं.

जुना_वाचक

हे पहिल्यांदा कुणी इतक्या सरळ लिहिलं. धन्यवाद. म्हणजे निकाल आहेत, फक्त लेखात लिहितात तसे नाहीत.

मध्यममार्गी

जुना_वाचक, एक भर. २०१७ साली रक्ताच्या एका तीव्र कॅन्सरसाठी दोन जुनी औषधं, सायटाराबिन आणि डॉनोरुबिसिन, एकाच लिपोसोममध्ये ५:१ या रेणुगुणोत्तरात बंद करून मान्य झाली. नवीन औषध काहीच नाही. वेगवेगळी दिली की शरीर दोघांना वेगवेगळ्या वेगाने संपवतं आणि गुणोत्तर बिघडतं. एका गोळीत ती बरोबर प्रवास करतात. वयस्क, जोखमीच्या रुग्णांत जगण्याचा मध्यक ५.९५ महिन्यांवरून ९.५६ महिने झाला. साडेतीन महिने. ज्याचं जळतं त्याला ते किती असतात ते कळतं.

कणाद

हेच लिहायला आलो होतो. पॅक्लिटॅक्सेल पाण्यात विरघळत नाही, म्हणून ते ज्या द्रावकात द्यायचे त्यानेच लोकांना तीव्र अ‍ॅलर्जी व्हायची, आधी स्टेरॉइड द्यावं लागायचं. २००५ साली ते अल्ब्युमिन प्रथिनाच्या १३० नॅनोमीटरच्या कणांत आलं आणि तो द्रावकच गेला. रोगापेक्षा औषध भयंकर होतं, ते थोडं सुसह्य झालं. माणसांपर्यंत पोहोचलेल्या कणांकडे पाहा, बहुतेकांची रचना साधी आहे.

आता लेखातला पाच पदरांचा कण का अडतो, ते एका प्रयोगातून सांगतो. नवीन मुलं आली की मी हा पहिल्या दिवशी करून दाखवतो. सोन्याच्या नॅनोकणांचं द्रावण माणकासारखं लाल असतं. काचेच्या कुपीत ते घ्यायचं आणि मिठाच्या पाण्याचे दोन थेंब टाकायचे. डोळ्यांदेखत लाल रंग जांभळा होतो, मग करडा निळा. कण एकमेकांना चिकटले. रक्तही खारटच. दुसऱ्या कुपीत पीईजी लावलेलं सोनं, त्यात मीठ टाकलं तरी लाल रंग तसाच. मुलं खूश होतात. मग मी तिसऱ्या कुपीत प्रतिपिंड लावलेले कण आणि रक्तद्रव एकत्र करतो. रंग लालच राहतो, पण मोजल्यावर कण फुगलेला दिसतो. रक्तातल्या प्रथिनांची झूल चढलेली असते. ज्या प्रतिपिंडाने गाठ ओळखायची ते त्या झुलीखाली. शरीर आता कणाला पाहतच नाही, झुलीला पाहतं.

आता असे पाच पदर, प्रत्येक पदर प्रत्येक घाण्यात त्याच जाडीचा, निर्जंतुक, दोन वर्षं बाटलीत टिकणारा हवा. आमच्याकडे पन्नास मिलिलिटरच्या फ्लास्कमध्ये जमलेलं पन्नास लिटरमध्ये बिघडतं. आणि शेवटी सोनं जाणार कुठे? मूत्रपिंडातून बाहेर पडायला कण साधारण साडेपाच नॅनोमीटरच्या आत हवा. मोठा कण यकृतात जातो, आणि सोनं तिथे महिनोन् महिने राहतं. लोह शरीर वापरून टाकतं, सिलिका हळूहळू विरघळते, पीएलजीए आम्लं होऊन निघून जातं. म्हणून कुठला पदर चढवला याच्या आधी मी विचारतो, तो उतरणार कसा?

तरी मी हे काम सोडणार नाही. कारण याच मेदकणांच्या घराण्यातून २०१८ साली आरएनए वाहून नेणारं पहिलं औषध आलं आणि २०२० साली कोविडच्या लशी आल्या. तेव्हा जे जमलं ते आधीच्या फसलेल्या प्रयोगांमुळेच.

शुश्रूषा

आर्जवी, भावाला सगळं सांगा, पण मावशींच्या चष्म्याच्या घरातला कागद काढून घेऊ नका. माझ्या पेशंटांच्या उशाशी असं काही ना काही असतं. त्या काय विचारतात ते आधी ऐका.

जुना_वाचक

शुश्रूषा यांच्याशी अजिबात सहमत नाही. खोटी आशा जवळ ठेवू देणं ही दया नव्हे. माझ्या वडिलांनी असाच एक कागद शेवटपर्यंत सांभाळला आणि आम्ही गप्प बसलो, ते आजही बोचतं.

शुश्रूषा

गप्प बसा असं मी म्हटलेलं नाही. कागद राहू दे, आणि त्याच्याबद्दल बोला.

जुना_वाचक

तसं असेल तर ठीक. आम्ही बोललो नाही, हेच आमचं चुकलं.

किरणोत्सारी

आणि डॉक्टरांना एक विचारायला विसरू नका, की मावशींसाठी कुठली चाचणी सुरू आहे का, आणि आत्ताचं औषध घेतलं तर पुढे त्यात जाता येईल का. आधी किती केमो झाल्या यावर काही चाचण्यांचा प्रवेश ठरतो. हे विचारायची वेळ औषध सुरू करण्याआधीची.

आर्जवी

बऱ्याच दिवसांनी लिहितेय, सगळ्यांचे प्रतिसाद मी घरी मोठ्याने वाचले. भाऊ उंदराच्या वजनाच्या हिशोबापाशी गप्प झाला. किरणोत्सारी, तुमचा प्रश्न डॉक्टरांना विचारला. सध्या मावशीला बसेल अशी चाचणी नाही, पण पुढचा रस्ता या औषधाने बंद होत नाही, असं ते म्हणाले. आधी हृदयाचा इको काढला, तो ठीक आला.

काल पहिला डोस झाला. पिशवी अगदी शुश्रूषाताईंनी लिहिली तशी, लाल आणि धुरकट. चौथ्या-पाचव्या मिनिटाला कंबर धरली, मावशीने लगेच हाक मारली. थांबवलं, पंधरा मिनिटांनी पुन्हा हळू सुरू केलं, मग काही त्रास झाला नाही. पाऊलखुणा, मऊ सपाता आणल्यात.

कागदाबद्दल मी बोलले. ती म्हणाली, "मला ते घ्यायचं नव्हतं गं. आतलं चित्र बघायचं होतं. आपल्या अंगात काय घालतात ते कळायला नको?" मग मी तिला कणादांनी लिहिलेली स्फटिकाची गोष्ट सांगितली. तिने एक प्रश्न दिलाय. त्या पिशवीत अशा गोळ्या होत्या तरी किती? डोस ६० मिलिग्रॅम होता.

कणाद

मावशींना नमस्कार सांगा. इतकी वर्षं हे काम करतोय, एका पिशवीचा हिशोब कधी मांडला नव्हता. आत्ता मांडला.

६० मिलिग्रॅममध्ये डॉक्सोरुबिसिनचे रेणू होतात साधारण ६ वर १९ शून्यं. एका गोळीत दहा हजार धरले तर गोळ्या ६ वर १५ शून्यं, म्हणजे सहा हजार लाख कोटी. गोळीत रेणू थोडे जास्त असतील तर गोळ्या थोड्या कमी. आणि मध्यममार्गींचा तो प्राण्यांमधला हजारात सात जरी इथे लावला, तरी गाठींपर्यंत जाणाऱ्या गोळ्या होतात चाळीस लाख कोटींच्या घरात, प्रत्येकीत दहा हजार रेणू.

आर्जवी

वाचून दाखवलं. तिने प्रिंटच्या कोऱ्या बाजूला ६ काढून पुढे पंधरा शून्यं मोजून लिहिली, दोनदा तपासली. पुढचा डोस अठ्ठावीस दिवसांनी.